फोनवर काय म्हणावे ते सरकार सांगते, सुरगाण्याला पाणी कोण देणार?

१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने एक शासन निर्णय काढला. सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावे, असे त्यात सांगितले होते. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्याच्या सीमावर्ती गावांतून तहसीलदारांकडे निवेदन गेले. रस्ते, पाणी, वीज, दवाखाना देता येत नसेल, तर आमची गावे गुजरातला जोडा, अशी मागणी त्यात होती.

सुरगाणा हा पाचव्या अनुसूचीतील आदिवासी तालुका. पावसाळ्यात इथे धो धो पाऊस पडतो. नार आणि पार नद्या सह्याद्रीच्या याच पट्ट्यातून गुजरातकडे वाहतात. तरीही उन्हाळ्यात आयाबहिणींना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते.

हा आजार एका पक्षाचा नाही. डिसेंबर २०२० मध्ये वेगळे सरकार होते. त्याने कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर घालण्यास मनाई केली आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितले.

असे का होते? परिपत्रकाला कागदापलीकडे खर्च नाही. ते एका दिवसात निघते आणि त्याची बातमीही होते. पाणीयोजनेला मात्र निधी, अभियंता, देखभाल आणि अनेक वर्षांचा पाठपुरावा लागतो. शिवाय ती फसली तर जाब द्यावा लागतो. म्हणून सोपे काम आधी होते आणि अवघड काम पुढे ढकलले जाते.

कोणी म्हणेल, शिस्त आणि राष्ट्रप्रेमही हवेच. हवेच, पण सरकारचे पहिले काम कोणते, याचे उत्तर संविधानात आहे. लोकांचे पोषण, राहणीमान आणि आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ नुसार राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या हिताची विशेष काळजी घ्यावी, असे अनुच्छेद ४६ सांगतो. दीघनिकायातील कूटदन्त सुत्तातही राजाला हाच सल्ला मिळतो: शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, सेवकाला वेतन दे, राज्यात शांतता त्यातूनच येईल.

मग आपण काय करायचे? केवळ परिपत्रकांची टिंगल करून भागणार नाही. पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला अधिकार दिले आहेत. आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के अबंध निधी या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याची योजना राज्यात २०१५ पासून आहे. तो निधी गावात किती आला आणि कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते. उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. आपल्या तरुणांनी आदिवासी बांधवांसोबत बसून हे अर्ज लिहावेत, त्यांचा पाठपुरावा करावा.

राज्य सोडण्याची भाषा कोणी हौसेने करत नाही. ती करण्याची वेळ का आली, याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे, आणि ते मिळेपर्यंत विचारत राहणे हे आपले काम आहे.

जय भीम! जय संविधान!