घरी जुळवावयाचा पहिला गेमिंग संगणक : सुट्या भागांची निवड

आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण वर्षानुवर्षे भाषणांतून ऐकत आलो आहोत. माझ्यासारख्या बँकेतील कारकुनाचा तर सारा दिवस संगणकासमोरच जातो. तरीही त्या डब्याच्या आत काय असते, याचा विचार मी पंचेचाळिशी जवळ येईपर्यंत कधी केला नव्हता. शिक्षण कला शाखेचे, त्यामुळे विज्ञानाशी संबंध शाळेपुरताच.

२०२३ साली मुलगा दहावी उत्तीर्ण झाला आणि त्याने हट्ट धरला, "पप्पा, तयार संगणक नको. सुटे भाग आणून घरी जोडू. गेम नीट चालले पाहिजेत." नातेवाइकांनी बक्षीस म्हणून दिलेले पैसे आणि माझी मुदत संपलेली आवर्त ठेव मिळून सत्तर हजार रुपये जमले. खेळासाठी एवढे पैसे कशाला, हा प्रश्न घरात निघालाच. परंतु जो संगणक आजचे गेम चालवतो, तोच चित्रफितीचे संपादन, त्रिमितीय आराखडे आणि प्रोग्रॅमिंगही करतो. शिवाय त्यातील एक भाग जुना झाला तर तेवढाच बदलता येतो. हे पटले आणि आम्ही कामाला लागलो. त्यात आमच्या हातून एक मोठी चूक झाली. ती इतर पालकांकडून होऊ नये, म्हणून हा लेखप्रपंच.

सुरुवात मॉनिटरपासून

बहुतेक लोक सुरुवात प्रोसेसरपासून करतात. वास्तविक सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण बाकीच्या भागांवर किती काम पडणार हे मॉनिटरच ठरवतो. साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे २१ लाख. २५६० गुणिले १४४० च्या मॉनिटरवर ते सुमारे ३७ लाख होतात आणि फोर-के मॉनिटरवर सुमारे ८३ लाख, म्हणजे फुल एचडीच्या चौपट. खेळ चालू असताना हे सर्व ठिपके दर सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. एका चित्राला साधारण १७ मिलिसेकंद एवढाच वेळ मिळतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल आणि त्याचा पूर्ण उपयोग करायचा असेल, तर हा वेळ ७ मिलिसेकंदांवर येतो. पहिल्या संगणकासाठी फुल एचडी मॉनिटर पुरेसा आहे. फोर-के मॉनिटर घेऊन त्याला बेताचे कार्ड जोडणे म्हणजे खटाऱ्याला ट्रकचे ओझे लादणे होय.

ग्राफिक्स कार्ड

हे ठिपके रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून गेमिंगच्या संगणकात सर्वांत मोठा खर्च यावरच व्हावा. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा ते निम्मी रक्कम यासाठी बाजूला ठेवावी. कार्डाची स्वतःची मेमरी वेगळी असते. फुल एचडीसाठी ती ८ जीबीपेक्षा कमी नसावी, १२ जीबी असल्यास अधिक चांगले. आम्ही ८ जीबीचे एएमडीचे आरएक्स ७६०० घेतले.

जुन्या कार्डाबाबत मात्र सावध असावे. इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामासाठी हजारो कार्डे महिनोन्‌महिने रात्रंदिवस चालली. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चलनाची पद्धत बदलली, तेव्हा अशी कार्डे मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. जुने कार्ड घ्यायचेच असेल, तर दुकानात अर्धा तास खेळ चालवून पाहावे आणि शिल्लक वॉरंटी विचारावी.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

आपल्याकडे पुष्कळजण डब्यालाच सीपीयू म्हणतात. खरा सीपीयू म्हणजे प्रोसेसर, आणि तो तळहातावर मावणारी लहानशी चकती असतो. आजच्या खेळांसाठी सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. आम्ही रायझन ५ ५६०० निवडला, त्याच्यासोबत पंखाही मिळाला. या प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असते, त्यांतही ते नसते. असा प्रोसेसर घेतल्यास ग्राफिक्स कार्डाशिवाय मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

मदरबोर्ड निवडताना सॉकेट पाहणे अत्यावश्यक आहे. एएमडीच्या एएम ४ सॉकेटचा प्रोसेसर २०२२ साली आलेल्या एएम ५ सॉकेटमध्ये बसत नाही. इंटेलचेही तसेच. १२ व्या, १३ व्या व १४ व्या पिढीला एलजीए १७०० सॉकेट लागते, आणि २०२४ च्या अखेरीस आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला एलजीए १८५१. स्वस्तात मिळतो म्हणून फार जुना बोर्ड-प्रोसेसर घेऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि विंडोज ११ फार जुन्या प्रोसेसरना स्वीकारत नाही.

मेमरी आणि एसएसडी

एएम ४ ला डीडीआर ४ मेमरी लागते, एएम ५ ला फक्त डीडीआर ५. एलजीए १७०० चे बोर्ड दोन्ही प्रकारचे येतात, म्हणून तेथे बोर्डाचे नाव नीट वाचावे. दोन्ही मेमरींची खाच वेगवेगळ्या जागी असते, जबरदस्ती केल्यास नुकसानच होते. १६ जीबी मेमरी घ्यावी आणि ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. दोन पट्ट्यांतून माहितीची ने-आण दोन मार्गांनी होते, जसे एका काउंटरऐवजी दोन काउंटर उघडावेत. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव एकदम चढले. तेव्हा यादी करताना त्या दिवसाचा भाव विचारूनच रक्कम मांडावी.

साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, तर एनव्हीएमई प्रकारची साधी एसएसडीसुद्धा दोन-तीन हजार एमबीपर्यंत जाते. एकेक गेम शंभर जीबीचा असू शकतो, म्हणून शक्य असल्यास १ टीबीची घ्यावी.

एसएमपीएस : आमची चूक

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीला एसएमपीएस म्हणतात. ती डब्याच्या कोपऱ्यात असते आणि तिच्यामुळे खेळ अधिक वेगाने चालत नाही. साहजिकच काटकसर करताना पहिली नजर तिच्यावर जाते. आमचीही गेली. डब्यासोबत '५०० वॅट' लिहिलेली एसएमपीएस जवळजवळ फुकट मिळत होती, ती आम्ही घेतली. जीएसटीचे १८ टक्के वाचतात म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून कच्चे बिलही चालवून घेतले. त्या पैशांत रंगीत दिव्यांचे पंखे आले.

काही दिवसांनी खेळ रंगात आला की संगणक आपोआप बंद पडू लागला. आम्ही विंडोज पुन्हा टाकले, गेम पुन्हा उतरवला. तिसऱ्या महिन्यात एका रात्री जळका वास आला. एसएमपीएस गेली आणि जाताना मदरबोर्ड घेऊन गेली. मदरबोर्डची तीन वर्षांची वॉरंटी पक्क्या बिलाअभावी मिळाली नाही.

जळलेली पेटी मुलाने हातात घेतली आणि तिच्यावरील लेबल मला दाखवले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. त्या वाहिनीपुढे १८ अँपिअर असे छापलेले होते. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॅट. आमचे कार्ड १६५ वॅटचे आणि प्रोसेसर भर कामात सुमारे ७५ वॅट घेणारा, म्हणजे या दोघांचीच गरज २४० वॅट. वर छापलेला ५०० चा आकडा फसवा होता, पण खरा आकडाही त्याच लेबलवर होता. ग्राहकांना रोज "वाचल्याशिवाय सही करू नका" असे सांगणाऱ्या मी एक साधा गुणाकार केला नव्हता. मुलगा रागावला नाही, याचेच मला अधिक वाईट वाटले.

म्हणून एसएमपीएस घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१) लेबलवरील १२ व्होल्टचे अँपिअर पाहून बाराने गुणावे. उत्तर वर छापलेल्या वॅटच्या जवळपास असावे.
२) कार्डाची कंपनी जेवढ्या वॅटची एसएमपीएस सुचवते, तेवढी घ्यावी. आमच्या कार्डाला ५५० वॅट सुचवले होते. गरज कमी दिसली तरी कार्ड क्षणभर बरीच जास्त वीज ओढते.
३) '८० प्लस' ही खूण असावी. ती वीज किती वाया जाते एवढेच सांगते, दर्जाची पूर्ण हमी देत नाही. म्हणून वॉरंटीची वर्षेही पाहावीत.
४) भिंतीवरील प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.
५) यूपीएसवर लिहिलेले व्हीए म्हणजे वॅट नव्हे. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचाच असतो.

विजेच्या बिलाची धास्ती मात्र नको. सर्व मिळून ३०० वॅट धरले, तर तीन तास खेळल्यास एका युनिटपेक्षाही कमी वीज लागते.

जोडणीचे काम

जोडणी अवघड नाही. हाताला पितळी वा लोखंडी वस्तूचा स्पर्श करून अंगातील स्थिर वीज घालवावी, प्रोसेसर खुणेप्रमाणे अलगद ठेवावा आणि कोणताही स्क्रू फार आवळू नये. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावावी. ही चूक नवखे हमखास करतात.

नवा मदरबोर्ड व चांगली एसएमपीएस घेण्यासाठी आम्हाला पाच महिने थांबावे लागले. या वेळी लॅमिंग्टन रोडला जाण्यापूर्वी मुलाने कागदावर रकाने आखले : भागाचे नाव, सॉकेट किंवा प्रकार, वॅट, किंमत, वॉरंटी. एकाही ओळीचा मेळ बसल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे त्याने मलाच बजावले. तो संगणक आजही चालू आहे आणि त्यावर तो प्रोग्रॅमिंगही शिकतो आहे.

पालकांनी मुलांचा हट्ट उडवून लावू नये आणि डोळे मिटून पुरवूही नये. त्यांच्याबरोबर बसून यादी करावी, लेबले वाचावीत, पक्के बिल घ्यावे आणि जो भाग डोळ्यांना दिसत नाही त्यात काटकसर करू नये, एवढीच या निमित्ताने विनंती.