सीआरपी किती आला?

कोरोनाच्या काळात हा प्रश्न घरोघरी विचारला जायचा. आजोबांचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर फिरायचा आणि आकडा कमी दिसला की सगळ्यांच्या जिवात जीव यायचा.

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात दाह सुरू झाला की रक्तातलं त्याचं प्रमाण झपाट्याने वाढतं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या संशोधकांना १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांत ते आढळलं. त्याच रिपोर्टात दिसणारा डी-डायमर वेगळा, तो रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा अंश. दोन्ही आकडे सांगतात ते आजचं. आजारापूर्वी माणूस कितपत धडधाकट होता, हे त्यांतून कळत नाही.

त्यासाठी कॅनडातले वृद्धरोगतज्ज्ञ केनेथ रॉकवुड यांनी सहकाऱ्यांसह २००५मध्ये जर्जरतेची एक मोजपट्टी मांडली. तिच्या आजच्या रूपात १ ते ९ पायऱ्या आहेत. तिला ना सुई लागते ना यंत्र. आजी बाजारहाट स्वतः करायच्या का? पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा कोण सांभाळायचं? जिना चढता यायचा का? आंघोळीला कुणाचा हात लागायचा? यातली खरी मेख अशी, की उत्तरं द्यायची ती दोन आठवड्यांपूर्वीची. तापाने खाटेवर पडलेला कोणताही माणूस जर्जरच दिसतो.

२०२०च्या पहिल्या लाटेत ब्रिटनमधली १० आणि इटलीतलं एक अशा रुग्णालयांतल्या १,५६४ कोविड रुग्णांना हीच मोजपट्टी लावली गेली. दाखल होताना सीआरपी ४० किंवा त्याहून जास्त असलेल्यांपैकी सुमारे ३२ टक्के दगावले, कमी असलेल्यांपैकी १५ टक्के. म्हणजे रक्ततपासणी कुचकामी नव्हतीच. पण कोण तगेल याचा अंदाज वय किंवा जुने आजार यांच्यापेक्षा जर्जरतेवरून अधिक नेमका बांधता आला. पंच्याहत्तरीचे दोघे, दोघांनाही मधुमेह; पण एक रोज मंडईत जाणारा, दुसरा घरातल्या घरात आधाराने चालणारा. त्यांना एकाच मापाने मोजणं चूकच.

मात्र ही मोजपट्टी कुणालाही लावायची नसते. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्च २०२०मध्ये अतिदक्षता विभागात कोणाला घ्यायचं हे ठरवताना ती वापरायला सांगितली, तेव्हा अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. जन्मापासून चाकाच्या खुर्चीत असलेला तरुण आंघोळीला मदत घेतो, म्हणून तो जर्जर ठरतो का? काही दिवसांतच सूचना बदलली: पासष्टीच्या आतल्यांना आणि दीर्घकालीन, स्थिर अपंगत्व असलेल्यांना ही मोजपट्टी लावू नये.