पिवळ्या पेटीतली वीज

घरातले दिवे गेले म्हणजे आपली कोण धांदल! पोळी तव्यावर करपते, मुलांना अभ्यास बुडाल्याचा आनंद होतो आणि काडेपेटी जागेवरून कुणी हलवली याची कर्ता पुरुष कसून चौकशी करतो. घरोघर इन्व्हर्टर आल्यापासून ही मौजही उरली नाही म्हणा! पण डॉक्टरांच्या हाती शस्त्र असताना दिवे गेले तर?

तसा प्रसंग डॉ. लॉरा स्टॅशेल यांनी प्रत्यक्ष पाहिला. या अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ बाई. पाठीच्या दुखण्यामुळे प्रसूतीचे काम सोडावे लागले, तेव्हा बर्कले विद्यापीठात त्या सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करू लागल्या. बाळंतपणात इतक्या बायका का दगावतात, हे पाहण्यासाठी २००८ साली त्या उत्तर नायजेरियातील झारिया येथे सरकारी रुग्णालयात गेल्या. तेथे डॉक्टर होते, सुइणी होत्या. भरवसा नव्हता तो विजेचा. एकदा सिझेरियनची शस्त्रक्रिया चालू असतानाच दिवे गेले. बाईंजवळ टॉर्च होता म्हणून निभावले. उरलेले काम त्याच उजेडात पुरे झाले.

त्यांचे यजमान हॅल ॲरन्सन सौरविजेचे शिक्षक. दोघांनी मिळून या रुग्णालयासाठी योजना आखली. सबंध इमारत उजळून टाकण्याच्या मोहात ते पडले नाहीत, ही गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. शस्त्रक्रियेची खोली, प्रसूतीची खोली, बाळंतिणींचा वॉर्ड आणि प्रयोगशाळा, एवढ्याच जागा त्यांनी निवडल्या. त्यांत रक्त साठवण्यासाठी सौरविजेवर चालणारा फ्रीज होता. रक्त २ ते ६ अंश सेल्सिअसमध्येच टिकते. फ्रीज बंद म्हणजे रक्ताचा साठा नाही. मग बाळंतीण रक्तस्रावाने पांढरीफटक पडत असताना नातलगांनी रक्त देणारा शोधीत धावायचे! आणि मला विशेष कौतुक वाटले ते वॉकी-टॉकीचे. रात्री घरी गेलेल्या डॉक्टरांना निरोप पोचवणार कसा? उजेड आहे, पण डॉक्टर नाहीत, तर त्या उजेडाचा काय उपयोग?

योजना दाखवण्यासाठी बाईंनी एक लहानसा नमुना बॅगेत घालून नेला होता. तेथील मंडळींना तो इतका उपयोगी वाटला की त्यांनी तो ठेवूनच घेतला! मग आसपासच्या लहान दवाखान्यांतूनही मागणी येऊ लागली. त्यातूनच पुढे पिवळी पेटी जन्माला आली. छपरावर सौरपट्टी, भिंतीवर पेटी. तीत एलईडी दिवे, मोबाईल भरण्याची सोय, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकण्याचे यंत्र आणि कपाळाला बांधायचा दिवा. ज्या सुईणबाईंनी मोबाईलचा दिवा दातांत धरून बाळंतपणे केली, त्यांना दोन्ही हात मोकळे मिळणे म्हणजे काय, ते त्याच जाणोत! आफ्रिका-आशियातील हजारो आरोग्यकेंद्रांत ही पेटी आज पोचली आहे.

मात्र सौरपट्टी बसवली की वीज पक्की झाली, अशी समजूत कुणी करून घेऊ नये. ऊन दुपारचे, आणि बाळे बहुधा मध्यरात्रीचा मुहूर्त साधतात! मधला सगळा भार बॅटरीवर. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत उपसली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. कुणी पंखा जोडला, कुणी टीव्ही जोडला, की पहाटेच्या बाळंतपणाला अंधार ठरलेला. कित्येक गावी छपरावरची पट्टी धडधाकट असते आणि खाली बॅटरी मेलेली! देणगीदारांना नव्या यंत्राची फीत कापण्याची हौस असते. बॅटरीत घालायच्या पाण्यासाठी पैसे देतो, असे म्हणत कुणी पुढे आल्याचे मी तरी ऐकले नाही.

म्हणून या पेटीत आता लिथियमची बॅटरी असते. तिला पाणी घालावे लागत नाही. पेटी बसवायची ती गावच्या जवळपासच्या तंत्रज्ञांना शिकवून, आणि वापरायची कशी ते सुइणींना समजावून. तरी काही वर्षांनी बॅटरी बदलावीच लागते. ते पैसे कुठून यायचे, हे पेटी भिंतीवर चढण्यापूर्वीच ठरलेले बरे.