प्राणहितेचे पाणी आणि काठावरचा हिशेब

वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून प्राणहिता जन्म घेते. गडचिरोलीच्या अरण्याला लागून, महाराष्ट्र व तेलंगणाची सीमा आखत ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. नदी एक, काठ दोन आणि राज्येही दोन. म्हणूनच तिच्या पाण्याचा प्रश्न कायद्याचा झाला.

राष्ट्राराष्ट्रांतील अशा नद्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1997 मध्ये करार संमत केला. तो 2014 मध्ये अमलात आला. न्याय्य व वाजवी वापर, शेजाऱ्यास लक्षणीय हानी न पोहोचविणे आणि नियोजित कामाची पूर्वसूचना देणे ही त्याची प्रमुख तत्त्वे. भारत या कराराचा सदस्य नाही. आपल्या राज्यांमधील तंट्यांसाठी संविधानाचे कलम 262 आणि 1956 चा आंतरराज्य नदी जलविवाद कायदा आहे. त्यान्वये 1969 मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी लवाद नेमला गेला. त्याचा अंतिम निवाडा 1980 मध्ये आला.

पुढे तुमडीहेटी येथील नियोजित बॅरेजच्या 152 मीटर पातळीस, बुडिताच्या भीतीने, महाराष्ट्राने हरकत घेतली. 23 ऑगस्ट 2016 रोजी मुंबईत दोन्ही राज्यांचा करार झाला. तुमडीहेटीसाठी 148 मीटर, तर संगमाच्या खाली गोदावरीवरील मेडीगड्डासाठी 100 मीटर पातळी ठरली. जून 2019 मध्ये मेडीगड्डासह कालेश्वरम् प्रकल्पाचे उद्घाटन झाले. जुलै 2022 च्या महापुरात सिरोंचा तालुक्यातील शेती पाण्याखाली गेली. बॅरेजच्या फुगवट्यामुळे जमिनी जातात, असे सांगत शेतकऱ्यांनी भूसंपादन व मोबदल्यासाठी आंदोलने केली. ऑक्टोबर 2023 मध्ये बॅरेजचे काही खांबच खचले.

येथेच खरी उणीव दिसते. राज्यांचा वाटा टीएमसीत मोजला जातो, पातळी मीटरमध्ये लिहिली जाते. पण काठावरच्या कापसाच्या आणि मिरचीच्या शेताची हानी त्या ताळेबंदात कोणत्या रकान्यात मांडावी, हे ठरलेले नसते. कागदावरील पातळी स्थिर असते, पुराची नसते.

तुमडीहेटीच्या बॅरेजचा विचार तेलंगणात आता पुन्हा होत आहे. तेव्हा पाणी अडविण्यापूर्वीच दोन्ही राज्यांनी बुडीत क्षेत्राची संयुक्त मोजणी करावी, ग्रामसभांना विश्वासात घ्यावे, मोबदला आधी द्यावा आणि दरवाजे उघडण्याची सूचना गावांपर्यंत वेळेत पोहोचवावी. शेजाऱ्यास हानी न पोहोचविण्याचे तत्त्व जर राष्ट्रांना लागू पडते, तर एकाच देशातील दोन काठांना ते अधिकच लागू पडावे.