वाइन पर्यटन

वाइन पर्यटन : द्राक्षमळे, वाइननिर्मितीचे कारखाने व साठवणीची तळघरे प्रत्यक्ष पाहण्यासाठी आणि तेथील वाइनची चव घेण्यासाठी केलेला प्रवास. या प्रवासात चवीइतकेच, किंबहुना काहीसे अधिकच महत्त्व जमीन, हवामान, वेल व मळेवाल्याचे वर्षभराचे काम यांना असते. फ्रान्समधील बॉर्दो, बर्गंडी, शँपेन व अ‍ॅल्सेस हे प्रदेश या पर्यटनाची जुनी केंद्रे होत. महाराष्ट्रात नाशिक जिल्हा व सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा परिसर येथे ते विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर वाढले. अशा प्रवासाचे नियोजन प्रवासी कोठून निघतो आणि त्याच्या घरच्या शेतीचे वेळापत्रक काय आहे यांवर पुष्कळसे अवलंबून असते. पुढील विवेचन नांदेड व लातूर या जिल्ह्यांतून निघणारा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

मराठवाड्याला द्राक्षवेल नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबाद येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, असे नमूद केले आहे. या नोंदीत उष्ण प्रदेशातील वेलीचे एक मूलभूत लक्षण आले आहे. फ्रान्समध्ये हिवाळ्याच्या थंडीने पाने गळून वेल सुप्तावस्थेत जाते व वर्षातून एकदाच फळते. दख्खनमध्ये तिला अशी सक्तीची झोप मिळत नाही. म्हणून येथील बागाइतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ धरतो. छाटण्या दोन, पीक एक, अशी ही रीत आहे. परिणामी महाराष्ट्रात घड जानेवारी ते एप्रिल या काळात उतरतात, तर फ्रान्समध्ये सप्टेंबर–ऑक्टोबरमध्ये. औसा तालुक्यातील बागेत तोडणीची धांदल असते, तेव्हा बॉर्दोतील वेली निष्पर्ण असून त्यांची छाटणी चालू असते [⟶ द्राक्ष].

प्रवासाचा महिना ठरविताना हा उलटा क्रम ध्यानात घ्यावा लागतो. फ्रान्समध्ये मार्चअखेर–एप्रिलमध्ये कोंब फुटतात, जूनमध्ये फुलोरा येतो, ऑगस्टमध्ये मण्यांना रंग चढतो व सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू होते. अलीकडील उष्ण वर्षांत पांढऱ्या जातींची तोडणी ऑगस्टच्या अखेरीसही सुरू झालेली आहे. जानेवारी–फेब्रुवारीत जाणाऱ्यास उघडी झुडपे व धुके यांखेरीज मळ्यात फारसे काही दिसत नाही. लातूर भागातील द्राक्षबागाइतदाराला सप्टेंबरचा मध्य सोयीचा पडतो. कारण गोडी छाटणीपूर्वी परत येता येते व तेथील तोडणीही पाहावयास मिळते. मात्र ज्यांची उपजीविका सोयाबीनवर आहे, त्यांची कापणी व मळणी नेमकी याच सुमारास येते. त्यांना मे महिना बरा. वेली तेव्हा हिरव्या असतात, मळेवाल्यांना बोलावयास सवड असते आणि मृगाच्या पेरणीपूर्वी घरी परतता येते. मुलांच्या सुट्टीचाही प्रश्न सुटतो. तोडणीच्या ऐन दिवसांत लहान मळ्यांतील सर्व माणसे कामात गुंतलेली असतात व ते पाहुण्यांसाठी बंद असू शकतात, हेही लक्षात ठेवावयास हवे. ऑगस्टमध्ये फ्रेंच लोक स्वतःच सुट्टीवर जातात.

प्रदेशाची निवड प्रवाशाच्या रुचीनुसार करावी. बर्गंडीत दीझाँ ते सांतने हा द्राक्षमळ्यांचा मार्ग १९३७ मध्ये आखण्यात आला. अ‍ॅल्सेसमधील सु. १७० किमी. लांबीचा द्राक्षमार्ग १९५३ मध्ये खुला झाला. व्होज पर्वताच्या पायथ्याची जुनी गावे त्यावर आहेत. शँपेनमधील रँस शहर पॅरिसहून वेगवान रेल्वेने पाऊण तासात गाठता येते. तेथील खडूच्या दगडातील तळघरे पाहण्यासारखी आहेत. पहिल्याच वेळी जाणाऱ्या व शेतीत रस असणाऱ्या प्रवाशाला बॉर्दो अधिक उपयुक्त ठरते. पॅरिसहून तेथे रेल्वेने दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. शहरात २०१६ मध्ये उघडलेले वाइनविषयक मोठे संग्रहालय आहे, आणि सें-तेमिल्याँ हे जुने गाव आपल्या द्राक्षमळ्यांसह १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

बॉर्दोच्या उत्तरेस जिराँद नदीमुखाच्या डाव्या तीरावर मेदॉक हा पट्टा आहे. तेथील जमीन गोटे व वाळू यांची असून ती सर्वसाधारण पिकांच्या दृष्टीने निकस होय. दिवसा तापलेले गोटे रात्री ऊब देतात आणि पाणी झटकन निचरून जाते. वेली मांडवावर न चढविता जेमतेम कमरेइतक्या उंच ठेवतात व हेक्टरी सु. १०,००० पर्यंत दाट लावतात. मराठवाड्यातील बागाइतदार खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगावा म्हणून विरळणी करतो व जिबरेलिक अम्ल वापरतो. तेथे उलट मणी बारीक राहावा असा प्रयत्न असतो. तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा सालीत असतो आणि बारीक मण्यात रसाच्या मानाने साल अधिक. थॉम्पसन सीडलेसची बाग उत्तम असली, तरी तिच्यापासून उत्तम वाइन होत नाही, याचे एक कारण हे आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँ, मेर्लो, शिराझ यांसारख्या वाइनच्या जाती वेगळ्याच असतात.

पाण्याच्या बाबतीतील तुलना अधिक बोधप्रद आहे. बॉर्दोत वर्षाकाठी सु. ९०० मिमी. पाऊस पडतो. लातूरची सरासरी सातशे ते आठशे मिमी. असून नांदेडची तीहून काहीशी जास्त आहे. म्हणजे आकड्यांत अंतर फार मोठे नाही. परंतु बॉर्दोतील पाऊस बारा महिन्यांत विभागलेला असतो व लातूरचा बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. त्यामुळे तेथील प्रतिष्ठित मळ्यांत पूर्वापार सिंचनाला मज्जाव वा कडक निर्बंध राहिले, तर येथील बाग ठिबक सिंचनाखेरीज तगत नाही. २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. त्या वर्षी मराठवाड्यातील मद्य कारखान्यांच्या पाण्यात न्यायालयाने कपात केली. या भागात द्राक्ष व मद्य यांविषयीची कोणतीही चर्चा अखेर पाण्यापाशी येते, आणि फ्रान्समधील मळा पाहतानाही हा प्रश्न प्रवाशाने मनात ठेवणे योग्य होय.

१८५५ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनाच्या निमित्ताने मेदॉकमधील मळ्यांची श्रेणीवार यादी करण्यात आली. तिच्या पहिल्या श्रेणीतील एका मळ्याचे नाव फ्रेंच उच्चारानुसार ‘शातो लातूर’ असे आहे. त्याचा मराठवाड्यातील लातूरशी संबंध नाही : फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘बुरूज’ असा असून तो मध्ययुगीन गढीवरून आला आहे, तर मराठवाड्यातील लातूर म्हणजे राष्ट्रकूटांच्या बिरुदावलीत येणारे लट्टलूर होय. तथापि या उच्चारसाम्याने लातूरकराचे तेथे कौतुक होण्याचा संभव आहे. अशा नामांकित मळ्यांत पूर्वपरवानगीवाचून प्रवेश मिळत नाही. मध्यम व लहान मळ्यांतही काही आठवडे आधी वेळ ठरवून घेणे इष्ट असते. १८५५ ची यादी आजही जवळजवळ तशीच आहे. १९७३ मध्ये एका मळ्याची बढती झाली, तोच काय तो मोठा बदल. फ्रान्समध्ये १९३५ पासून उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण असून त्यानुसार द्राक्षाची जात, छाटणीची पद्धत व हेक्टरी उत्पादनाची कमाल मर्यादाही ठरवून दिलेली असते. अधिक पिकविण्यास कायद्याने मनाई, ही गोष्ट भारतीय शेतकऱ्याला चमत्कारिक वाटते; परंतु तेथील मालाची किंमत टिकण्याचे ते एक प्रमुख कारण आहे.

परदेशगमनापूर्वी महाराष्ट्रातील एखादा मळा पाहून घेणे शहाणपणाचे ठरते. खर्च अल्प, आणि काय विचारावे हे आधी कळते. शामराव चौगुले यांनी १९८० नंतरच्या दशकात नारायणगाव येथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या साहाय्याने फसफसणारी वाइन तयार केली व ती परदेशीही पाठविली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वाइनच्या द्राक्षांची लागवड केली. त्यांच्या सुला मळ्यात २००५ मध्ये पाहुण्यांसाठी चव घेण्याचे दालन सुरू झाले. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले, आणि २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. दिंडोरी येथे शँपेनमधील एका विख्यात घराण्याचा कारखानाही आहे. त्याच्या फसफसणाऱ्या वाइनला ‘शँपेन’ मात्र म्हणता येत नाही, कारण ते नाव त्या प्रदेशापुरते राखीव आहे. नांदेडहून परभणी, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व मनमाड या मार्गाने रेल्वेने नाशिकरोड गाठता येते. लातूरकराला नाशिकपेक्षा अकलूज जवळ पडते : बार्शी–कुर्डुवाडी–टेंभुर्णी या रस्त्याने तेथे जाता येते व माळशिरस तालुक्यातील, भारतीय व इटालियन कुटुंबांच्या भागीदारीतून उभा राहिलेला मळा पाहता येतो. दोन्ही ठिकाणी फेब्रुवारी हा उत्तम महिना होय.

फ्रान्ससाठी शेंगेन प्रवेशपरवाना लागतो. तो १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांच्या वास्तव्यासाठी असतो. अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपर्यंत आधी करता येतो; निदान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबई वा पुणे येथे जावे लागत असल्याने नांदेड–लातूरच्या कुटुंबाने ही फेरी खर्चात व दिवसांत धरावी. किमान ३०,००० यूरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. सप्टेंबरच्या प्रवासासाठी जूनमध्ये कागदपत्रे सिद्ध असणे बरे.

प्रत्यक्ष भेटीत चार-पाच वाइन थोड्या थोड्या दिल्या जातात. घोट तोंडात घोळवून पिकदाणीत थुंकणे हा तेथे शिष्टाचार समजला जातो, असभ्यपणा नव्हे. त्यामुळे मद्य न घेणाऱ्या सोबत्यासही संकोचाचे कारण नाही. एका दिवसात दोन, फार तर तीन मळे पुरेत. मोटार चालविणाऱ्याने चवीपासून दूरच राहावे. फ्रान्समध्ये रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलि. मागे ५० मिग्रॅ. व भारतात ३० मिग्रॅ. आहे. शाकाहारी प्रवाशाने आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. वाइन नितळ करण्यासाठी काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक किंवा माशापासून काढलेला पदार्थ वापरतात; बॉर्दोत पहिली रीत जुनी आहे. खेड्यांतील खाणावळींत शाकाहारी पदार्थ मोजके मिळतात. म्हणून स्वयंपाकाची सोय असलेले निवासस्थान घेणे अनेक कुटुंबांना सोयीचे जाते.

परतताना प्रत्येक प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. त्यापुढील मालावर जबर शुल्क पडते. बाटल्या हातातील पिशवीत नेता येत नाहीत. त्या कपड्यांत गुंडाळून मोठ्या सामानात ठेवाव्या लागतात. महाराष्ट्रात १९४९ चा मद्यनिषेध अधिनियम लागू असल्याने मद्य बाळगण्यासाठी परवाना व वयाची अट आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बाटली माळ्यावर ठेवल्यास वाइन महिन्याभरात बिघडते. ती घरातील सर्वांत थंड व अंधाऱ्या कोपऱ्यात, बूच ओले राहील अशी आडवी ठेवावी.