वळणाआधी गप्प होणारी गाडी

ल मान्सच्या लांब सरळ रस्त्याच्या टोकाला म्युल्सानचं वळण आहे. 2015 साली तिथे कुंपणाला टेकून मी पोर्शे 919 हायब्रिड बघत होतो. बघत म्हणण्यापेक्षा ऐकत होतो. ताशी 300 किलोमीटरच्या वर धावणारी गाडी ब्रेक लागायच्या बऱ्याच आधी गप्प व्हायची. नवख्याला वाटावं, इंजिन बंद पडलं. पण नियमांनी 13.629 किलोमीटरच्या प्रत्येक फेरीला इंधन मोजून दिलेलं. साठवलेली वीज जितकी जास्त वापरणार, तितकं इंधन कमी. म्हणून चालक आधीच पाय उचलायचा. मग ब्रेक लागला की पुढच्या चाकांवरची मोटर जनरेटर होऊन वेग वेचून घ्यायची, आणि वळण संपताच तीच वीज गाडीला पुढे फेकायची.

ही वीज ठेवायची कुठे, यावर तेव्हा एकमत नव्हतं. ऑडीने गरगरणारं फ्लायव्हील निवडलं, टोयोटाने 2014 साली सुपरकपॅसिटर आणि पोर्शेने लिथियम-आयन बॅटरी. पोर्शेने आणखी एक डाव टाकला. ब्रेकमधून वीज मिळते ती वेग कमी होताना. त्यांनी धुराड्याच्या वाटेवर जनरेटर फिरवणारी वेगळी टर्बाइन बसवली, म्हणजे वेग वाढतानाही कमाई चालू. मला त्या गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू हीच वाटते.

अडचण आली ती जुन्याच भागात. दोन लिटरचं चार सिलिंडरचं व्ही-इंजिन छोटं, हलकं, आणि गाडीच्या सांगाड्याचाच एक भार पेलणारा तुकडा होतं. 2013च्या चाचण्यांत ते असं हादरायचं की गाडी खिळखिळी होईल. क्रँकशाफ्ट नव्याने आखून सिलिंडर पेटण्याचा क्रम बदलला, तेव्हा कुठे ते थाऱ्यावर आलं. तरीही 2014च्या ल मान्सला आघाडीवर असलेली गाडी शेवटच्या तासांत इंजिनानेच दगा दिल्यामुळे थांबली. पुढच्या वर्षी हुल्केनबर्ग, बॅम्बर आणि टँडी जिंकले. त्यानंतरची दोन वर्षंही पोर्शेचीच.

2023पासून मुख्य वर्गात धावणाऱ्या एलएमडीएच गाड्यांत हायब्रिड यंत्रणा सगळ्यांना एकाच नमुन्याची मिळते: मोटर बॉशची, गिअरबॉक्स एक्सट्रॅकचा. खर्च आवरतो, मैदान भरतं, हे मान्य. पण वीज कुठून काढायची आणि कशात भरायची, हा प्रश्न त्या गाड्या बनवणाऱ्यांच्या टेबलावर आता येतच नाही. मला ते भांडण जास्त आवडत होतं.