‘चार्ज’ या शब्दाचे अर्थ

सरकारी कचेरीत ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ हे शब्दप्रयोग इतके रुळले आहेत की, ते इंग्रजीतून आले याचे भानही कोणास राहत नाही. परंतु हाच शब्द न्यायालयात, अर्थसंकल्पात आणि जमिनीच्या कागदपत्रांतही भेटतो व प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ निराळा असतो. भाषांतर करणाऱ्याची फसगत होते ती येथेच.

शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून, गाड्यावर माल लादणे हा त्याचा जुना अर्थ होय. जहाजावरील मालास ‘कार्गो’ म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. ओझ्याची ही कल्पना ध्यानात ठेवली की बहुतेक अर्थांचा उलगडा होतो. पदाचे ओझे तो कार्यभार, सेवेच्या मोबदल्याचा तो आकार आणि विजेचा तो विद्युतभार. ‘लाठीचार्ज’मधील चार्ज तेवढा चालून जाण्याचा, त्यास लाठीमार हा चपखल शब्द मराठीत आहेच.

अर्थसंकल्पात ‘दत्तमत’ आणि ‘भारित’ असे दोन शब्द आढळतात. राज्यपालांचे वेतन व भत्ते, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन, कर्जावरील व्याज इत्यादी खर्च संविधानाच्या अनुच्छेद २०२ अन्वये राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो. त्यावर विधानमंडळात चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. येथे ‘चार्ज’चे भाषांतर ‘आकार’ असे केले तर सारा अर्थच हरवेल.

फौजदारी कामात पोलीस दाखल करतात ते दोषारोपपत्र. दोषारोप निश्चित करते ते न्यायालय. हे दोन टप्पे वेगळे आहेत, आणि दोहोंपैकी कशानेही कोणी दोषी ठरत नाही.

ग्रामीण वाचकास सर्वांत जवळचा अर्थ मात्र ‘बोजा’ हा होय. ‘आपल्या जमिनीवर आरोप ठेवण्यात आला आहे’ असे छापलेले एक पत्र प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात आले होते. ते हाती पडताच शेतकरी बिचारा थेट वकिलाकडे धावला. म्हणावयाचे होते ते एवढेच की, सोसायटीच्या कर्जाचा बोजा जमिनीवर चढला आहे. गहाणात जमिनीतील हितसंबंध हस्तांतरित होतो. बोज्यात तो होत नाही, जमीन देण्यास केवळ तारण राहते. तथापि बोजा क्षुल्लक समजू नये. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ अन्वये असा बोजा असलेली जमीन, कर्ज व व्याज पुरते फिटेपर्यंत, सर्वसाधारणपणे विकता येत नाही आणि मनाई मोडून केलेला व्यवहार शून्य ठरतो.

कर्ज फिटल्यावरही सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातील नोंद पुष्कळदा तशीच राहून जाते, आणि जमीन विकावयाच्या वेळी ती आडवी येते. याकरिता संस्थेकडून बेबाकीचा दाखला घेऊन बोजा कमी करण्याचा अर्ज महसूल कार्यालयाकडे द्यावा. आता तो ई-हक्क प्रणालीद्वारेही करता येतो. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून तो रकाना स्वतः वाचून पाहावा.